बादलीतली वार: गरोदरपणातल्या विषाणूसंसर्गाच्या खुणा कशा शोधायच्या

पॅथॉलॉजीत रेसिडेंट म्हणून रुजू होऊन आठवडाही झालेला नसतो आणि ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुने कापून बघायच्या, टेबलावर एक बादली येते. झाकणाला चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं असतं: ‘प्लॅसेंटा. आईला ताप होता.’ प्लॅसेंटा म्हणजे वार. बाकी काही लिहिलेलं नाही. सीनियर फ्रोझनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच्या तातडीच्या तपासणीला, गेलेले असतात आणि टेक्निशियन म्हणतो, ‘मॅडम, चार तुकडे घ्या आणि लावून टाका.’

हा लेख त्या घटकेसाठी आहे. लेबर रूममधल्या सिस्टर आणि स्त्रीरोग विभागातले नवे रेसिडेंट यांनीही तो वाचावा अशी माझी इच्छा आहे, कारण अर्धं काम बादली आमच्याकडे येण्याआधीच झालेलं किंवा बिघडलेलं असतं. बाळंतपणानंतर वार काही तासांत पिवळ्या पिशवीत, म्हणजे कचऱ्यात, जाते. आईचं रक्त उद्या पुन्हा काढता येतं, बाळाचंही काढता येतं. वार पुन्हा मिळत नाही.

आधी रचना डोक्यात बसवा

वारेचा काप पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की नुसते गोल गोल ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांना व्हिलाय म्हणतात, आणि ते बाळाकडून निघालेल्या फांद्यांचे आडवे छेद असतात. नदीत झुकलेल्या झाडाच्या पारंब्या पाण्यात बुडाव्यात तशा या फांद्या आईच्या रक्तात बुडालेल्या असतात. फांदीच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं, आणि मध्ये एक पातळ भिंत. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत.

ती भिंत नीट समजून घ्या, कारण विषाणूंची सगळी गोष्ट तिथेच घडते. तिचा बाहेरचा थर म्हणजे सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट. असंख्य केंद्रकं असलेली ही एकच सलग पेशी आहे. दोन पेशींमध्ये सांधा असतो, इथे सांधाच नाही, त्यामुळे विषाणूला घुसायला फट मिळत नाही. शिवाय हा थर संसर्ग नसतानाही लॅम्डा इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरोधी इशारा देणारं प्रथिन, सोडत राहतो आणि शेजारच्या पेशींना सावध ठेवतो. गरोदरपणात सर्दी, फ्लू होऊनही बहुतेक बाळांना विषाणू शिवत नाही, त्यात या थराचा मोठा वाटा आहे.

भिंतीच्या आत, फांदीच्या गाभ्यात, हॉफबाउअर पेशी असतात. बाळाच्या बाजूच्या या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. काही विषाणू नेमके यांच्यातच मुक्काम ठोकतात. व्हिलायच्या बाहेर आईच्या रक्ताची जागा, आणि खाली गर्भाशयाला चिकटलेली डेसिड्युआ, म्हणजे आईचाच थर. ‘बाळाचं काय आणि आईचं काय’ हे ज्याला स्लाइडवर ओळखता येत नाही, त्याचा रिपोर्ट पुढे चुकणारच. पहिल्या महिन्यात पूर्ण दिवसांच्या दहा निरोगी वारा बघा. त्याआधी आजारी वारेला हात घालू नका.

पहिला तास लेबर रूमचा

वार तपासणीला कधी ठेवायची? गरोदरपणात ताप आणि अंगावर पुरळ आलेलं असेल, झिका, कोविड, डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आलेली असेल, बाळाची वाढ खुंटलेली असेल, सोनोग्राफीत बाळाच्या अंगाला सूज किंवा डोकं लहान दिसलं असेल, बाळ पोटातच गेलं असेल, किंवा जन्मताच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवावं लागलं असेल, तर वार टाकायची नाही. मावशींना हे आधी सांगून ठेवा. ट्रे उचलून नेणं हे त्यांचं रोजचं काम आहे. ‘ही ठेवायची’ असं कुणी सांगितलं नाही तर त्या नेणारच. आमच्याकडे लेबर रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत यादी लावली, तेव्हापासून वारा हरवणं जवळपास थांबलं.

यानंतरचा क्रम बिघडू देऊ नका.

फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या, आधी पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचं आरएनए किंवा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, तुकडा घ्यायचा. फॉर्मॅलिनमध्ये आरएनए आणि डीएनए तुटतं. नंतरही ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यावर, चाचणी होते, पण ताज्या तुकड्याची सर तिला येत नाही. तुकडा बाळाच्या बाजूनं घ्या: वरचा पारदर्शक पडदा, म्हणजे अ‍ॅम्निऑन, चिमट्यानं सोलून बाजूला करा, नवं ब्लेड घ्या आणि खालून साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा निर्जंतुक डबीत टाका. असं केलं की आईच्या रक्ताची आणि योनिमार्गातल्या जंतूंची भेसळ कमी होते. डबी लगेच बर्फावर. लांबच्या प्रयोगशाळेत जायची असेल तर तिथे आधी फोन करून कोणतं माध्यम लागतं ते विचारा.

उरलेली वार त्याच दिवशी लॅबमध्ये जाणार असेल तर डब्यात घालून फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या आसपास ठेवा. फ्रीझरमध्ये चुकूनही नको. पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात आणि स्लाइडवर नुसता चिखल दिसतो. फॉर्मॅलिनमध्येच पाठवायची तर भांडं पसरट आणि मोठं घ्या, आणि द्रव वारेच्या किमान दहापट हवा.

हे मी एवढ्या कळकळीनं का सांगते? माझ्या पहिल्या वर्षी बाहेरच्या एका रुग्णालयातून अशीच वार आली होती. चौतीस आठवड्यांचं बाळ पोटात गेलेलं. अख्खी वार लोणच्याच्या बरणीएवढ्या बाटलीत कोंबलेली, फॉर्मॅलिन वरवर चार बोटं. बाहेरून ती चामड्यासारखी कडक झाली होती आणि सुरी घातली तर आतून कुजलेली. आम्ही बारा ब्लॉक घेतले, एकातही धड काही दिसलं नाही. ती बाई दोन महिन्यांनी रिपोर्ट घ्यायला स्वतः आली होती. तिला द्यायला माझ्याकडे ‘नमुना तपासणीयोग्य नाही’ एवढं एकच वाक्य होतं.

अजून एक. काही घरांत वार मागून घेतात, अंगणात पुरायची रीत असते. त्यांच्याशी नीट बोला. तपासणी कशासाठी हे समजावलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि तुम्ही स्वतः गरोदर असाल तर तसं स्पष्ट सांगा, संसर्गाचा संशय असलेली ताजी वार दुसऱ्या कुणाला हाताळू द्या. लाजण्यासारखं त्यात काही नाही. बाकी सगळ्यांना दोन हातमोजे, चष्मा आणि एप्रन.

फॉर्म कोरा असेल तर फोन उचला

‘ताप होता’ यातून काही कळत नाही. ताप कितव्या आठवड्यात आला? पुरळ होतं का? घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे का? लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) पसरतो, म्हणून हा प्रश्न. घरात किंवा शाळेत मुलांचे गाल लाल होण्याची साथ होती का? तिथे पार्वोव्हायरस आठवायचा. लसी कोणत्या झाल्या? बाळाचं वजन किती, डोक्याचा घेर किती?

आणि ‘टॉर्च पॉझिटिव्ह’ असं लिहून आलं तर आकडा आणि तारीख मागा. आपल्याकडे ही तपासणी, म्हणजे आईच्या रक्तात रुबेला, सीएमव्ही, हर्पीस यांसारख्या संसर्गांच्या प्रतिपिंडांचा शोध, उठसूट होते, गर्भपात वारंवार झाले की तर हटकून. आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारं प्रतिपिंड, पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढंच. भारतात सीएमव्हीचं आयजीजी बहुसंख्य मोठ्या माणसांत सापडतं. आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात आधी येणारं प्रतिपिंड, खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि महिनोन्‌महिने टिकूही शकतं. या कागदावर विसंबून स्लाइड बघायला बसलात तर नसलेलं दिसायला लागेल. मी आधी स्लाइड बघते, मग कागद.

टेबलावर

नाळ, पडदे आणि रक्ताच्या गुठळ्या काढूनच वजन करा. पूर्ण दिवसांची वार साधारण ५०० ग्रॅमची, २० ते २२ सेंटिमीटर व्यासाची आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची असते. वजन नेहमी त्या आठवड्याच्या तक्त्याशी ताडून बघा, बाळाच्या वजनाशीही. पूर्ण दिवसांत बाळ वारेच्या सुमारे सातपट असतं. फिकी, फुगलेली, हातात तुटणारी मोठी वार पार्वोव्हायरसकडे बोट दाखवते, अर्थात आई-बाळाच्या रक्तगटातली आरएच विसंगती आणि थॅलेसेमियाकडेही. लहानखुरी वार दिसली तर जुना, रेंगाळलेला संसर्ग मनात ठेवा.

मग आईच्या बाजूनं एकेक सेंटिमीटरवर काप घ्या आणि प्रत्येक काप बोटांनी चाचपा. डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. २०१४ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या बैठकीत जगभरच्या तज्ज्ञांनी किमान चार ब्लॉक ठरवले: एकात नाळेचे दोन काप आणि पडद्याची गुंडाळी, आणि तीन ब्लॉक वारेच्या गाभ्यातून, पूर्ण जाडीचे, मधल्या भागातले, त्यातला एक नाळ जोडलेल्या जागेजवळचा. वेगळं दिसेल त्याचे ब्लॉक निराळे. संसर्गाचा संशय असेल तेव्हा मी गाभ्यातून आणखी दोन-तीन घेते. सीएमव्ही वारेत ठिकठिकाणी विखुरलेला असतो, चार ब्लॉकांत तो हुलकावणी देऊ शकतो.

स्लाइडवर तीन प्रश्न

सगळ्यात लहान भिंगावर सुरुवात करा. पहिला प्रश्न: दाहाच्या पेशी कुठे आहेत? फांद्यांच्या आत असतील तर व्हिलायटिस, फांद्यांच्या मधल्या आईच्या रक्तात असतील तर इंटरव्हिलोसायटिस. दुसरा: त्या कोणत्या जातीच्या आहेत? तिसरा: त्यांनी काय मोडलंय? फांदीचा बाहेरचा थर, म्हणजे ट्रोफोब्लास्ट, मेलाय, फायब्रिन (रक्त गोठवणारं प्रथिन) साचलंय, बाळाच्या रक्तवाहिन्या बुजल्यात की काहीच नाही?

पडद्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसले की नवा रेसिडेंट ‘संसर्ग’ म्हणून थेट विषाणूवर उडी मारतो. तो बहुतेकदा खालून वर चढलेला जिवाणूंचा संसर्ग असतो. रक्तातून आलेला विषाणू सहसा व्हिलायमध्ये खुणा सोडतो.

कोणता विषाणू काय करून जातो

सीएमव्हीपासून सुरुवात करा, कारण जन्मजात विषाणूसंसर्गांत त्याचा पहिला नंबर. व्हिलायमध्ये लिम्फोसाइटबरोबर प्लाझ्मा पेशी (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) दिसल्या की थांबा. वारेत प्लाझ्मा पेशी हे सीएमव्हीचं सगळ्यात बोलकं लक्षण. मग मोठ्या भिंगावर रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि हॉफबाउअर पेशी चाळून काढा. एखादी पेशी शेजारणींपेक्षा दुप्पट मोठी, केंद्रकात गडद जांभळट गोळा आणि त्याभोवती स्वच्छ पांढरं कडं. यालाच घुबडाचा डोळा म्हणतात, आणि एकदा बघितला की तो विसरत नाही. पण संसर्ग जुना असेल तर हा डोळा नाहीसा झालेला असतो. मागे उरतात आक्रसलेल्या, रक्तवाहिन्या बुजलेल्या फांद्या आणि त्यांच्यात हिमोसिडेरिनचे, म्हणजे जुन्या रक्तातून उरलेल्या लोहाचे, सोनेरी-तपकिरी कण. डोळा दिसला नाही म्हणून सीएमव्ही नाकारू नका, आयएचसी, म्हणजे प्रतिपिंडं वापरून विषाणूचं प्रथिन रंगवणारी चाचणी, लावा.

पार्वोव्हायरस बी१९ची तऱ्हा अगदी उलटी. तो बाळाच्या लाल पेशी घडवणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. दाह जवळपास नसतोच. व्हिलाय पाण्यानं फुगलेले आणि त्यांच्या केशवाहिन्यांत केंद्रक असलेल्या कोवळ्या लाल पेशींची गर्दी. त्यातल्या काहींचं केंद्रक कंदिलाच्या काचेसारखं दिसतं, मधे गुलाबीसर चकाकी आणि क्रोमॅटिन, म्हणजे केंद्रकातलं डीएनए, कडेला सरकलेलं. यांना लँटर्न सेल म्हणतात, म्हणजे कंदीलच. कोवळ्या लाल पेशी दिसल्या आणि दाह नाही, तर प्रत्येक केशवाहिनीत डोकवा.

कोविडनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. २०२१च्या उन्हाळ्यातली एक वार आठवते. चांगली वार सुरीखाली ओल्या स्पंजासारखी दबते आणि लालबुंद रक्त सोडते. ही सुरीला अडत होती, कच्च्या पेरूसारखी. कापलेल्या बाजूवर फिकट पिवळी जाळी पसरलेली आणि लाल गाभा जेमतेम बेटांसारखा उरलेला. स्लाइडवर तीन गोष्टी एकत्र होत्या: फांद्यांच्या मध्ये हिस्टिओसाइटांची, म्हणजे मॅक्रोफेजच्याच जातीच्या पेशींची, दाटी, फांद्यांभोवती फायब्रिनचे थर आणि मेलेला ट्रोफोब्लास्ट. या तिघांना मिळून सार्स-कोव्ह-२ प्लॅसेंटायटिस म्हणतात. पुढे २०२२मध्ये १२ देशांतल्या ६८ बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास छापून आला. त्या वारांचा सरासरी ७७.७ टक्के भाग निकामी झालेला होता. बाळात विषाणू शिरण्याची गरजच नव्हती, वार बंद पडल्यामुळे बाळाला प्राणवायू मिळाला नाही. त्या सगळ्या आयांनी लस घेतलेली नव्हती. आपल्याकडे गरोदर स्त्रियांना लशीची परवानगी जुलै २०२१मध्ये मिळाली, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर.

हे विदारक चित्र प्रत्येक कोविडबाधित आईच्या वारेत दिसत नाही, बहुतेक वारा ठीकठाक असतात. पण वारेचा ताजा तुकडा तपासणं किती मोलाचं आहे ते पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२०मध्येच दिसलं होतं. आईच्या नाकाचा स्वॅब निगेटिव्ह, आणि बाळाचा स्वॅब, नाळ आणि वार पॉझिटिव्ह. पोटातच संसर्ग झाला होता हे वार ठेवल्यामुळे सांगता आलं.

झिका आता आपल्या दारातला विषय आहे. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४च्या जूनपासून पुण्यात साथ आली आणि तिच्यात गरोदर स्त्रियांची संख्या मोठी होती. झिकाच्या वारेत दाह शोधत बसलात तर फसाल. व्हिलाय मोठे आणि पाणीदार, आत हॉफबाउअर पेशी वाढलेल्या, आणि त्याखेरीज फारसं काही नाही. विषाणू याच पेशींत दडून टिकतो. म्हणून झिकाच्या संशयात स्लाइड साधी दिसली तरी पीसीआरचा तुकडा गेलाच पाहिजे.

रुबेला बाळाच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर मारतो आणि वार लहान राहते. लसीकरणामुळे हे चित्र नव्या पिढीला क्वचितच दिसेल, ही आनंदाची गोष्ट आहे. कांजिण्यांत व्हिलायमध्ये महाकाय पेशींचे पुंजके आणि मेलेले पट्टे सापडू शकतात. हर्पीस बाळाला बहुधा बाळंतपणाच्या वेळी लागतो, त्यामुळे वार सहसा स्वच्छ असते. डेंग्यूत जे दिसतं ते इतर दहा कारणांनीही दिसतं. त्याचं निदान वारेच्या नुसत्या स्लाइडवरून लिहू नका.

सगळ्यात मोठा चकवा

पूर्ण दिवसांच्या ५ ते १५ टक्के वारांत व्हिलायटिस सापडतो आणि त्यातल्या बहुतेकांत विषाणू नसतो. आईच्या टी-पेशी (लिम्फोसाइटचाच प्रकार) बाळाच्या फांद्यांत शिरलेल्या असतात, प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीरानं नाकारावं तसं काहीसं. याला अज्ञात कारणाचा व्हिलायटिस म्हणतात. यात प्लाझ्मा पेशी नसतात, विषाणूच्या खुणा नसतात. इथे ‘विषाणूसंसर्गाची शक्यता’ असं मोघम लिहिलं की बाळाच्या डझनभर तपासण्या सुरू होतात आणि आई स्वतःला कोसत बसते: मी त्या लग्नाला गेलेच कशाला.

दुसरा चकवा पीसीआरचा. वार म्हणजे आईच्या रक्ताचं तळं. आईच्या रक्तात विषाणू असेल तर तुकडाही पॉझिटिव्ह येतो. विषाणू खरोखर ट्रोफोब्लास्टमध्ये किंवा बाळाच्या पेशींत आहे का, हे आयएचसी किंवा इन सिटू हायब्रिडायझेशन, म्हणजे विषाणूचं आरएनए-डीएनए स्लाइडवरच रंगवणारी चाचणी, हेच दाखवतं. आणि वारेत विषाणू आहे म्हणजे बाळातही आहेच, असंही नाही. उलट, वार नीट दिसली म्हणून बाळ सुटलं असंही म्हणता येत नाही. हे तीन मुद्दे रिपोर्टमध्ये वेगवेगळे लिहा: आईला संसर्ग, वारेला संसर्ग, बाळाला संसर्ग.

रिपोर्ट

‘वारेत दाह आहे’ हा रिपोर्ट नव्हे. कुठे, कोणत्या पेशी, किती पसरलेलं, आयएचसीत काय, आणि पुढे काय करावं, हे सगळं हवं.

सीएमव्हीचा संशय आला की टायपिंगची वाट बघू नका, बालरोग विभागाला फोन करा. बाळाची लघवी किंवा लाळ जन्मानंतर २१ दिवसांच्या आत तपासली तरच संसर्ग पोटातला होता हे खात्रीनं सांगता येतं. नंतर पॉझिटिव्ह आलं तर तो दुधातून किंवा घरातून लागलेला असू शकतो. आमच्या सवयीनं वारा रांगेत शेवटी जातात, ‘कॅन्सर नाही ना’ म्हणून. संशय असलेली वार रांगेत पुढे घ्या, ते तीन आठवडे भरभर जातात.

बाळ गेलेलं असेल तर रिपोर्टची घाई आई-वडिलांना दुसऱ्या कारणानं असते. त्यांचा प्रश्न एकच असतो: पुढच्या वेळी पुन्हा होईल का? पार्वोव्हायरस असेल तर आईला आता प्रतिकारशक्ती आलेली असते, सहसा पुन्हा होत नाही. पण कोविड नसताना फांद्यांच्या मध्ये हिस्टिओसाइट दाटलेले दिसले, तर तो आजार पुढच्या गरोदरपणात परत येण्याचा धोका मोठा असतो आणि तिला सुरुवातीपासून तज्ज्ञांच्या देखरेखीची गरज असते. लहान भिंगावर दोन्हीकडे ‘पेशी वाढल्यात’ एवढंच दिसेल. मोठं भिंग लावा, हिस्टिओसाइट ओळखणारं सीडी६८ लावा, सीनियरना दाखवा, आणि मगच सही करा.

ब्लॉक जपून ठेवा, नंबरासकट, आणि आईच्या फाइलमध्ये तो नंबर लिहून द्या. जन्मजात सीएमव्हीत ऐकू कमी येणं कधीकधी एक-दोन वर्षांनी सुरू होतं. तेव्हा बालरोगतज्ज्ञ विचारतात, ‘त्या वेळची वार होती का हो?’ अशा वेळी कपाटातून तो ब्लॉक काढून त्यावर सीएमव्हीची पीसीआर लावता येते.